एकाच पोर्टवर येणारं कनेक्शन एचटीटीपीएसचं आहे की एसएसएचचं, हे सर्व्हरने ओळखायचं कसं?

तुमची अडचण मला कळली ती अशी: ऑफिसच्या फायरवॉलमधून फक्त ४४३ बाहेर जातं, म्हणून भाड्याच्या सर्व्हरवर त्याच एका पोर्टवर वेबसाइट हवी, एसएसएच (दूरच्या यंत्रात लॉगिन करायची सोय) हवं आणि हाताशी आहेच म्हणून गाड्यांवरच्या जीपीएस ट्रॅकरचा डेटाही तिथेच घ्यायचाय. आणि प्रश्न असा, की कनेक्शन ॲक्सेप्ट झाल्यावर प्रोटोकॉल कोणता हे सांगणारं फंक्शन कोणतं?

असं फंक्शन नाही. टीसीपीच्या हेडरमध्ये पोर्टचा नंबर असतो, पण वर कोणता प्रोटोकॉल चाललाय हे लिहायला रकानाच ठेवलेला नाही. ४४३ म्हणजे एचटीटीपीएस हा सगळ्यांनी पाळायचा संकेत, एवढंच. तेव्हा शितावरून भाताची परीक्षा: पहिले काही बाइट वाचायचे आणि ठरवायचं.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट बघा. फोन उचलल्यावर आधी ‘हॅलो’ कोण म्हणतं? एचटीटीपी, टीएलएस (एचटीटीपीएसमधला कूटलेखनाचा थर), सॉक्स (प्रॉक्सी), पोस्टग्रेस (डेटाबेस) यांत क्लायंट आधी बोलतो. एसएमटीपी (मेल), एफटीपी, मायएसक्यूएल (डेटाबेस) यांत सर्व्हर आधी बोलतो. मेल सर्व्हर ‘२२०’ने सुरू होणारी ओळ पाठवेपर्यंत समोरचा गप्प बसतो. आता एकाच पोर्टवर मेल आणि मायएसक्यूएल दोन्ही ठेवलेत, तर क्लायंट तुमच्या तोंडाकडे बघत बसणार आणि तुम्ही त्याच्या. कितीही हुशार कोड लिहा, हे सुटत नाही. सर्व्हरने आधी बोलायचा प्रोटोकॉल एका पोर्टवर फार तर एकच ठेवता येतो, आणि तोही ‘इतका वेळ कोणी काही बोललं नाही, म्हणजे हाच असणार’ अशा अंदाजाने. एसएसएच या दोहोंच्या मधलं आहे. दोन्ही बाजूंनी ‘एसएसएच-२.०-’ अशी ओळख पाठवायचीच असते; काही क्लायंट ती जोडल्याबरोबर पाठवतात, काही सर्व्हरची ओळ येईपर्यंत थांबतात.

(ऑफिसच्या नियमात हे बसतं का ते तुमचं तुम्ही बघा. ४४३ वरून गेलं तरी एसएसएच स्वतःचं नाव उघड सांगूनच आत शिरतं, त्यामुळे नेटवर्कवाल्यांना ते दिसतंच.)

आता बाइट. साध्या एचटीटीपीच्या पोर्टवर चुकून कोणी एचटीटीपीएसने आलं की एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये ४०० (चुकीची विनंती) या कोडच्या शेजारी विनंतीच्या जागी असा कचरा दिसतो, प्रत्येक आकड्याआधी उलटी तिरकी रेघ आणि एक्स लावून: १६ ०३ ०१ ०२ ०० ०१ ०० ०१ एफसी ०३ ०३. हे वाचायला शिका, अर्धं काम तिथेच होतं. आकडे हेक्समधले, म्हणजे सोळाच्या पायावरचे आहेत. १६ म्हणजे दशमानात २२, टीएलएसमध्ये ‘हँडशेक’ची खूण. ०३ ०१ हा आवृत्तीचा शिक्का. तो टीएलएस १.० चा दिसतो, पण आत १.३ असू शकतं, जुनी यंत्रं बिथरू नयेत म्हणून जुनाच शिक्का मारतात. ०२ ०० म्हणजे पुढे ५१२ बाइट. मग ०१, म्हणजे हा ‘क्लायंट हॅलो’. मग त्याची लांबी ५०८ आणि पुन्हा आवृत्ती. सुरुवातीचे पाच बाइट धरले तर एकूण ५१७. वर्षानुवर्षं ब्राउझरचा पहिला निरोप बरोबर ५१७ बाइटांचा का यायचा, याची गोष्ट तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे.

एसएसएल २ या टीएलएसच्या जुन्या पूर्वजामध्ये पहिल्या बाइटचा सर्वांत वरचा बिट शून्य असेल तर हेडर तीन बाइटांचं, आणि चौथा बाइट निरोपाचा प्रकार सांगणारा. तो ०१ असेल तर क्लायंट हॅलो. आता टीएलएसच्या निरोपाची लांबी २५६ ते ५११ च्या मध्ये पडली, तर वरच्या ओळीतला चौथा बाइट ०१ होतो. म्हणजे १६ ०३ ०१ ०१. ‘आधी एसएसएल २ आहे का बघू’ असा कोड लिहिलेल्या यंत्राला हा एसएसएल २ चा हॅलो वाटतो, १६ ०३ ही त्याला लांबी वाटते, म्हणजे ५६३५ बाइट, आणि ते कधीच न येणाऱ्या बाइटांची वाट बघत लटकतं. या मापाच्या हॅलोवर लटकणारी यंत्रं खरोखर वापरात होती. म्हणून २०१५ मध्ये क्लायंटने निरोपात शून्यं भरून तो ५१२ पर्यंत फुगवायची सोय आरएफसी ७६८५ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजात नोंदवली गेली. कुणाच्या तरी ओळखण्यातली एक चूक, आणि तिच्यापायी जगभरचे ब्राउझर शून्यं वाहत होते. एसएसएल २ वर तर २०११ मध्येच बंदी आली होती.

यातून मी घेतलेला धडा असा, की ओळखणाऱ्या फंक्शनने ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगून भागत नाही. तिसरं उत्तर हवंच: ‘अजून ठरत नाही, थोडे बाइट आणखी येऊ देत’. इंग्रजी ‘पी’ हे अक्षर आलं, काय समजायचं? पोस्ट, पुट, पॅच सगळे त्यानेच सुरू होतात. ‘पीआर’ आलं तर एचटीटीपी २ ची प्रस्तावना असू शकते. ती २४ बाइटांची असते आणि ‘पीआरआय’ने सुरू होते. ‘पीआरओ’ आलं तर? वेबडॅव्हचं (एचटीटीपीवरून फाइली हाताळायच्या पद्धतीचं) प्रॉपफाइंड असेल, नाहीतर पुढच्या लोड बॅलन्सरने चिकटवलेली, पाहुण्याचा खरा पत्ता सांगणारी प्रॉक्सी प्रोटोकॉलची ओळ असेल. चौथ्या अक्षराला कुठे निकाल लागतो. आणि टीसीपी तुम्हाला चार बाइट एकदम देईल असं वचन कधीच देत नाही. मी एका ट्रॅकरच्या कामात हे भोगलंय. ते यंत्र ७८ ७८ ने सुरू होणारं १८ बाइटांचं लॉगिन पाठवायचं. टेबलावर दर वेळी १८ च्या १८ एकदम यायचे. गाडी घाटात गेली, सिमची रेंज पडली, की कधी पहिल्या खेपेला एकटाच ७८ यायचा. ७८ म्हणजे आस्कीतला लहान ‘एक्स’. माझ्या कोडने ‘अनोळखी’ म्हणून कनेक्शन तोडलं, ट्रॅकरने पुन्हा जोडलं, आणि हा खेळ गाडी घाट उतरेपर्यंत चालला.

टीएलएस ओळखायला सहा बाइट पुरतात. पण आतल्या डोमेनच्या नावावरून वाटा फोडायच्या असतील तर पूर्ण हॅलो हातात हवा, आणि तो आता एका पॅकेटमध्ये मावेलच असं नाही. क्वांटम संगणकाच्या धास्तीने आलेल्या नव्या मिश्र किल्लीचे एकट्याचेच १२१६ बाइट होतात आणि इथरनेटचं पॅकेट १५०० चं. एका वाचनात सगळं आलं असं धरून लिहिलेला जुना कोड इथे आपटतो.

आता गप्प बसणारा. माझ्या एका सर्व्हरवर नियम होता: दोन सेकंद शांतता, की एसएसएचकडे ढकला. काही दिवसांनी एसएसएचच्या लॉगमध्ये ‘ओळख मिळाली नाही’ अशा तक्रारींचा ढीग. हल्ला समजून रात्री उठून बसलो. निघाला आमचाच मॉनिटर: दर काही सेकंदांनी तो पोर्ट जोडायचा, काही न बोलता थांबायचा आणि निघून जायचा. त्याच्या शांततेला मी एसएसएच समजत होतो. वेळेची मर्यादा घालताना ती जोडल्या क्षणापासून मोजा, प्रत्येक बाइटनंतर नव्याने नको; नाहीतर दर सेकंदाला एकेक बाइट टाकणारा पाहुणा तुमची सगळी कनेक्शनं अडवून बसेल.

कोड स्वतः लिहिणार असाल तर बाइट बघून परत ठेवायला रीसीव्हचा ‘पीक’ फ्लॅग आहे. मोहात पडू नका. डेटा बफरमध्येच राहिल्यामुळे ईपोल (डेटा आला की कळवणारा लिनक्सचा भाग) ‘वाचायला आहे, वाचायला आहे’ म्हणून तुम्हाला सारखा उठवत राहतो, आणि एक अर्धवट कनेक्शन प्रोसेसरचा अख्खा कोअर खातं. सरळ वाचा, स्वतःच्या बफरमध्ये ठेवा, निकाल लागला की तेच बाइट आधी पुढे द्या आणि मग बाकीचा प्रवाह जोडा.

खरं तर लिहू नकाच. एसएसएलएच नावाचं छोटं साधन नेमकं याच कामासाठी आहे, एचएप्रॉक्सीतही पहिले बाइट तपासायची सोय आहे, एनजिनएक्सच्या स्ट्रीम भागात टीएलएस न उलगडता त्याचा हॅलो वाचता येतो, आणि गोमध्ये सीमक्स आहे. एक मात्र लक्षात ठेवा: मध्ये असा दलाल बसला की मागच्या एसएसएचला प्रत्येक पाहुणा १२७.०.०.१ वरूनच, म्हणजे त्याच यंत्रातून आल्यासारखा दिसतो. पासवर्ड चुकवणाऱ्याचा पत्ता बंद करणारी यंत्रणा लावली असेल तर ती कुणाला बंद करेल ते तुम्हीच बघा. वेबसाठी प्रॉक्सी प्रोटोकॉलने खरा पत्ता मागे पोचवता येतो. एसएसएचसाठी एसएसएलएचचा पारदर्शक मोड लावावा लागतो आणि त्याची राउटिंगची कटकट थोडी आहे.

तुमच्या बाबतीत मी काय करेन? वेब आणि एसएसएच ४४३ वर, एसएसएलएच लावून. दोघांचे पहिले बाइट इतके वेगळे आहेत की गल्लत होत नाही. एसएसएचचा क्लायंट आधी बोलणारा मिळाला तर तो ‘दोन सेकंद शांतता’वाला नियमही काढून टाकेन. ट्रॅकर मात्र तिथे आणणार नाही. ते मोबाइलच्या सिमवरून येतात, तुमच्या ऑफिसच्या फायरवॉलशी त्यांचा संबंधच नाही. ट्रॅककार हे मुक्त सॉफ्टवेअर बघा: शेकडो प्रकारची यंत्रं त्यात चालतात आणि तरी ते पहिल्या बाइटावरून ओळखायच्या फंदात पडत नाही, प्रत्येक प्रोटोकॉलला वेगळं पोर्ट देतं. ७८ ७८ वाल्या जीटी०६ ला ५०२३, टेल्टोनिकाला ५०२७. तुमच्या ट्रॅकरमध्ये पोर्ट बदलायचा एसएमएस कोणता ते त्याच्या माहितीपत्रकात सापडेल.