‘अनुत्पादक जिंदगी’ आणि ताळेबंदातील मराठी

लातूरच्या एका वाचकांनी नागरी सहकारी बँकेचा वार्षिक अहवाल वाचताना पडलेली शंका कळवली आहे. ताळेबंदाच्या एका बाजूला ‘भांडवल व देणी’ आणि दुसऱ्या बाजूला ‘जिंदगी व येणी’ असे मथळे असून पुढे ‘ढोबळ अनुत्पादक जिंदगी’ आणि ‘निव्वळ अनुत्पादक जिंदगी’ असे शब्द येतात. जिंदगी म्हणजे आयुष्य, मग ते ताळेबंदात कसे शिरले, ही छपाईची चूक आहे की भाषांतराची, असे ते विचारतात. ढोबळ प्रमाण आठ टक्के असताना निव्वळ प्रमाण शून्य कसे, ही त्यांची दुसरी शंका आहे.

यात चूक कोणाचीच नाही. ‘जिंदगी’ हा फारसी शब्द मराठीत आयुष्य आणि मालमत्ता अशा दोन्ही अर्थांनी रुळला; ‘जिनगी’ हे त्याचेच बोलीतले रूप. मालमत्तेचा अर्थ रोजच्या बोलण्यातून मागे पडला, तरी कायद्याच्या आणि हिशेबाच्या मराठीने तो सोडला नाही. मराठवाड्यातील वाचकाला हा शब्द जास्त खटकत असेल तर तेही स्वाभाविक आहे, कारण १९४८पर्यंत येथे निजामाचा अंमल होता, दप्तराची भाषा उर्दू होती, आणि उर्दूत मालमत्तेला ‘जायदाद’ म्हणतात. ‘जिंदगी’ तेथे केवळ आयुष्यच. तरीही खेड्यातल्या मराठीत जुना अर्थ पुसला गेला नव्हता. भावकीच्या वादात जमीन गेलेल्या एका घराबद्दल माझी आजी ‘साऱ्या जिनगीची माती झाली बघ’ असे म्हणायची, तेव्हा ती त्यांच्या शेताविषयी बोलत होती की आयुष्याविषयी, हे मला कधीच वेगळे काढता आले नाही.

आता ताळेबंदाकडे वळू. ठेव ही ठेवीदाराची पुंजी असली तरी बँकेला ती मागणीप्रमाणे किंवा मुदतीनंतर परत करायची असते, म्हणून ती ‘देणी’ या बाजूला बसते. बँकेने दिलेले कर्ज मात्र तिला परत मिळायचे असते, म्हणून ते तिची ‘जिंदगी’ ठरते. ही जिंदगी व्याज देत राहिली तर उत्पादक, देईनाशी झाली तर अनुत्पादक. व्याज किंवा हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला की खाते अनुत्पादक ठरवावे, हा रिझर्व्ह बँकेचा निकष व्यापारी बँकांना ३१ मार्च २००४पासून लागू झाला. एकदा हा शिक्का बसला की त्या खात्यावरचे व्याज प्रत्यक्ष हाती पडेपर्यंत बँकेला उत्पन्नात धरता येत नाही. ‘अनुत्पादक’ या विशेषणाचा खरा अर्थ येथे आहे. पीककर्जाला दिवसांऐवजी हंगामांचे माप लावतात: सोयाबीन, हरभरा यांसारख्या अल्प मुदतीच्या पिकांसाठी दोन हंगाम, आणि वर्षाहून अधिक काळ शेतात उभ्या राहणाऱ्या पिकासाठी एक.

यावरून ‘थकीत’, ‘अनुत्पादक’ आणि ‘बुडीत’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत, हे लक्षात येईल. हप्त्याची तारीख उलटली की कर्ज थकीत होते. ९० दिवस उलटले की अनुत्पादक होते. बुडीत मात्र ते वसुलीची आशा संपल्यावरच होते. अनुत्पादक जिंदगीचे दुय्यम, संशयित आणि बुडीत असे तीन वर्ग पाडतात. वर्तमानपत्रे एखाद्या बँकेच्या सगळ्या अनुत्पादक कर्जांना सरसकट ‘बुडीत कर्जे’ म्हणतात, ते मला पटत नाही. दुय्यम वर्गातली कित्येक खाती हप्ते भरून पुन्हा सुरळीत होतात, आणि एका विशेषणापायी ठेवीदारांची रांग लागू शकते.

या वर्गांनुसार बँकेला नफ्यातून रक्कम बाजूला काढावी लागते आणि बुडीत ठरलेल्या कर्जासाठी ती पूर्ण शंभर टक्के काढावी लागते. तिला आपण ‘तरतूद’ म्हणतो. हा शब्द अरबी ‘तरद्दुद’वरून आला आहे, आणि उर्दूत ‘तरद्दुद’ म्हणजे विवंचना, घालमेल. मराठीने विवंचनेतून पुढची सोय असा अर्थ घडवला, आणि बँकेच्या हिशेबाला तो चपखल बसतो.

एक जोड द्यावीशी वाटते. आपल्याकडे पतसंस्थेलाही सर्रास ‘बँक’ म्हणतात. बँकिंग नियमन कायदा, १९४९ नुसार पतसंस्थेला आपल्या नावात ‘बँक’ हा शब्द लावता येत नाही. तिच्यावर देखरेख सहकार खात्याची असते, बहुराज्यीय असेल तर केंद्रीय निबंधकांची. बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत मिळणारे विमासंरक्षणही पतसंस्थेतील ठेवीला नाही. तेव्हा या दोन शब्दांची अदलाबदल बोलण्यातही टाळलेली बरी.

‘जिंदगी’ऐवजी दुसरा शब्द वापरावा का? ‘मालमत्ता’ चालेल, पण त्या शब्दाने घर, जमीन डोळ्यांसमोर येते आणि कर्ज येत नाही. ‘अनुत्पादक कर्ज’ अधिक सुबोध आहे, मात्र बँकेने केलेली गुंतवणूकही अनुत्पादक होऊ शकते आणि ती त्यात मावत नाही. म्हणून अहवालात ‘जिंदगी’ राहू द्यावी, आणि कर्जदाराला पाठवायच्या पत्रात ‘आपले कर्जखाते अनुत्पादक झाले आहे’ असे लिहावे. ‘आपली जिंदगी अनुत्पादक झाली आहे’ असे वाक्य घरी आलेले कोणाला आवडेल?

राहिला ढोबळ आणि निव्वळचा प्रश्न. बोलण्यात ‘ढोबळ’ म्हणजे अंदाजे. हिशेबात ‘ढोबळ’ म्हणजे वजावट करण्यापूर्वीचे, जसे ढोबळ नफा. शंभर कोटींच्या कर्जांपैकी आठ कोटी अनुत्पादक असतील तर ढोबळ प्रमाण आठ टक्के होते. त्या आठ कोटींसाठी बँकेने तितकीच तरतूद केलेली असेल तर वजावटीनंतर निव्वळ प्रमाण शून्य उरते. म्हणजे आपण पाहिलेल्या अहवालातील शून्याचा अर्थ तोटा सोसण्याची सोय करून ठेवली आहे एवढाच. वसुली झालेली नाही, आणि ते आठ कोटी अजून कर्जदारांकडेच आहेत.