दीड लाखात एक चांगलं एअर पिस्तूल घ्यावं, की तीन-चार स्वस्तातली?

तुम्ही लिहिलंय की मुलगी तेरा वर्षांची आहे, सहा महिन्यांपासून १० मीटर एअर पिस्तूल करते आणि दीड लाखापर्यंत खर्चाची तयारी आहे. त्यात एक परदेशी मॅच पिस्तूल, म्हणजे खास स्पर्धेसाठी बनवलेलं, घ्यावं, की भारतीय बनावटीची दोन पिस्तुलं आणि मोठ्या मुलासाठी एक रायफल घ्यावी, म्हणजे स्पेअरही होईल आणि दोघांचं भागेल, असा तुमचा प्रश्न आहे.

एकच घ्या. मी स्वतः कॉलेजात असताना चार वर्षं पिस्तूल मारलं आणि आता संध्याकाळी रेंजवर लहान मुलांना शिकवते. तुम्ही ज्या वळणावर उभे आहात, तिथे माझे बाबा उभे होते आणि त्यांनी दुसरी वाट धरली होती. पैसे एकदम नव्हतेच. आधी एक स्प्रिंगचं पिस्तूल आलं. वर्षभराने त्याहून बरं म्हणून दुसरं आलं. मग स्पर्धेला जाताना हाताशी असावं म्हणून तिसरं. तिघांचे ट्रिगर तीन तऱ्हांचे होते. एकाचा लांब ओढावा लागायचा, एकाचा कुठे सुटेल सांगता येत नव्हतं. तेव्हा मुलींना ४० शॉट्स असायचे, ४०० पैकी गुण. मी ३४०च्या आसपास दोन वर्षं अडकून होते आणि माझाच हात वाईट आहे असं धरून चालले होते. रेंजवरच्या एका ताईला नोकरी लागली, तिने तिचं वापरलेलं मॅच पिस्तूल आम्हाला दिलं आणि चार महिन्यांत मी ३६०च्या वर गेले. बाबांनी नंतर हिशेब मांडला. तिन्हींची बेरीज ताईच्या पिस्तुलाच्या पाऊण किमतीइतकी झाली होती. ते काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

हे असं का होतं, ते नीट समजून घ्या. स्वस्तातल्या स्प्रिंगच्या पिस्तुलात ट्रिगर दाबला की आतला जड पिस्टन पुढे धावतो आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच सगळं पिस्तूल हलतं. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या मॅच पिस्तुलात हा धक्का जवळपास नसतो. लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. आठ लागला तर तो मुलीच्या मनगटामुळे की पिस्तुलामुळे, हे स्प्रिंगवर तिलाही कळत नाही आणि कोचलाही नाही. चूक कुठली ते कळलंच नाही तर सुधारणार काय?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि दुकानात ती सहसा कुणी सांगत नाही. पिस्तुलाचा निम्मा सराव घरी, छर्रा न घालता, कोऱ्या भिंतीसमोर होतो. याला आम्ही ‘ड्राय’ म्हणतो. हात वर, साइट (नेम धरायची खाच आणि टोक) जुळवायची, ट्रिगर सावकाश मागे. मॅच पिस्तुलात यासाठी वेगळी सोय असते, हवा खर्च होत नाही. स्प्रिंगचं पिस्तूल छर्ऱ्याशिवाय चालवलं की पिस्टन मोकळाच जाऊन आपटतो आणि सील, स्प्रिंग खराब होतात. म्हणजे अशी तीन पिस्तुलं घरात असूनही मुलगी घरी सराव करू शकणार नाही.

स्पेअरचं म्हणाल तर टोकियो ऑलिंपिक आठवा. २५ जुलै २०२१ला मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं. सुमारे वीस मिनिटं गेली, ६०० पैकी ५७५ गुण झाले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. राखीव पिस्तूल होतं, तरी तिने आपलंच दुरुस्त करून घेतलं. बाहेरून बघणाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, आपल्या हाताला घासून-भरून बसवलेली असते, ट्रिगरचं वजन, साइट, सगळं आपल्यापुरतं लावलेलं असतं. स्पेअर म्हणजे पहिल्याचं जुळं भावंडच हवं. वेगळ्या जातीचं स्वस्त पिस्तूल पेटीत असून त्या दिवशी कामाला येत नाही. आज तुम्हाला स्पेअर पिस्तूल नको, स्पेअर सिलेंडर (दाबलेली हवा भरायची नळकांडी) आणि सीलचा संच हवा.

रायफल तर पूर्ण वेगळा खेळ आहे. तिथे जॅकेट, पँट, बूट, ग्लोव्ह, सगळं लागतं आणि त्याचाच खर्च डोळे फिरवतो. मुलाला आधी क्लबच्या रायफलीवर तीन महिने मारू द्या. मन रमलं तर त्याचा विचार वेगळा करा. बहिणीच्या पैशातून त्याची हौस भागवू नका, दोघांचंही नुकसान होईल.

आता पैशांचं. दीड लाख सगळे पिस्तुलात घालू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. आठवड्याला चार दिवस, दिवसाला ८० छर्रे धरा. वर्षाला सोळा हजार छर्रे, म्हणजे पाचशेचे बत्तीस डबे. शिवाय रेंजची फी, हवा भरायचा खर्च, स्पर्धांचा प्रवास आणि राहणं. महागडं पिस्तूल कपाटात आणि छर्ऱ्यांना पैसे नाहीत म्हणून आठवड्यातून एकच दिवस रेंज, अशी मुलं मी पाहिली आहेत. त्यामुळे नवीन न घेता वापरलेलं मॅच पिस्तूल शोधा आणि उरलेली रक्कम वर्षभराच्या सरावासाठी बाजूला ठेवा. पुणे, मुंबई, कोल्हापूर इथल्या रेंजवर कुणी ना कुणी नोकरी-लग्नामुळे खेळ सोडत असतं, कोचच्या कानावर घालून ठेवा.

वापरलेलं घेताना सर्वांत आधी सिलेंडरवरची तारीख वाचा. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे सिलेंडर जास्तीत जास्त दहा वर्षं चालतो. मुदत संपलेला असेल तर नव्याची किंमत सौद्यातून वजा करा. हवा पूर्ण भरून पिस्तूल रात्रभर ठेवायला सांगा आणि सकाळी हवेचा दाब दाखवणारा काटा बघा. उतरला असेल तर सील गेलंय. ट्रिगर न सुटता किमान ५०० ग्रॅम वजन पेलतो का, जे स्पर्धेच्या नियमाला लागतं, हे रेंजवर वजन टांगून पाच मिनिटांत कळतं. दहा शॉट्स कोचला मारायला लावा, तुम्ही स्वतः मारून ठरवू नका.

ग्रिप मात्र मुलीच्या हाताची हवी. तेराव्या वर्षी हात अजून वाढतोय, म्हणून छोटी ग्रिप घ्या आणि दोनेक वर्षांनी फक्त ग्रिप बदला. पिस्तूल तेच राहतं. पूर्ण आकाराचं साधारण किलोभर असतं. सरळ हाताने ते तासभर उचलणं तिला जड जात असेल तर आखूड नळीचं हलकं मॉडेल बघा. खांदा दुखावला की मन उठतं, आणि एकदा उठलेलं मन परत आणणं फार कठीण.

कायद्याचं थोडक्यात: ४.५ मिलिमीटरच्या आणि २० जूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, पण खरेदीला ओळखपत्र लागतं आणि पावती जपून ठेवावी. पुढे मुलगी २५ मीटर पिस्तूल प्रकाराकडे वळली तर ते .२२ पिस्तूल, त्याला परवाना हवाच. आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर साध्या परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, नामांकित नेमबाजांना वेगळी सवलत आहे. म्हणजे तिथे ‘स्वस्तातल्या चार’ हा पर्यायच उरत नाही. एअर पिस्तुलाचा छर्राही डोळा घालवू शकतो, म्हणून घरात कुलुपातच ठेवा. एक सांभाळणं सोपं, चार नाही.

एका ठिकाणी मात्र मी स्वस्तातली अनेक घ्या म्हणेन. शाळेत तीस मुलं आहेत, कुणाला आवड आहे ते अजून कळायचंय, तर दहा साधी घ्यावीत. सुरुवात अशानेच होते, तुमच्या मुलीचीही तशीच झाली असणार. पण ती सहा महिने टिकली आहे, तिचा तो टप्पा आता मागे पडला.

या रविवारी एक काम करा. कोऱ्या कागदावर तिचा उजवा पंजा (डावखुरी असेल तर डावा) ठेवून पेन्सिलीने काढून घ्या आणि कोचला द्या. ग्रिपचं माप त्यावरून निघतं. पिस्तूल कोणत्या कंपनीचं, हे त्यानंतर ठरवा.