गोंगाटातही आपलं नाव कसं काय ऐकू येतं? लक्ष नेमकं काम कसं करतं?

आमच्या सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत पाळणे, पिपाण्या, स्टॉलवाल्यांची ओरड सगळं एकदम चालू असतं, तरी मागनं कुणी आपलं नाव घेतलं की मान आपोआप वळते, तसंच आहे हे. १९५३ ला कॉलिन चेरी या ब्रिटिश संशोधकांनी लोकांना हेडफोन लावून दोन कानांत दोन वेगळी बोलणी ऐकवली आणि एकाच कानातलं मोठ्यानं म्हणत राहायला सांगितलं. दुसऱ्या कानात बाई बोलतेय की बाप्या एवढं कळायचं, पण शब्द काय होते ते जवळपास काहीच नाही.

म्हणून १९५८ ला मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड ब्रॉडबेंट म्हणाले की मेंदूत गाळणी आहे, नको ते आधीच बाहेर. पण पुढच्याच वर्षी नेव्हिल मोरे (Moray) या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांना त्या दुर्लक्षित कानातलं स्वतःचं नाव ऐकू आलं! मग मानसशास्त्रज्ञ ॲन ट्रीझमन यांनी सांगितलं की गाळणी आवाज बंद नाही करत, फक्त बारीक करते, आणि स्वतःच्या नावासारखी महत्त्वाची गोष्ट बारीक असली तरी पकडली जाते. मला हेच सगळ्यात पटतं.

डोळ्यांचंही तसंच. १९९९ च्या एका प्रयोगात व्हिडिओतले बॉलचे पास मोजणाऱ्या जवळपास निम्म्या लोकांना मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेशातला माणूस दिसलाच नाही. त्यामुळे आमच्या सात रस्ता चौकात गाडी चालवताना ब्लूटूथवर बोलू नका प्लीज, हात मोकळे असले तरी लक्ष बोलण्यातच अडकलेलं असतं.