वाचकांचे प्रश्न : पाय रुतला की ओढाओढ नको

प्रश्न : मे महिन्यात बामणोलीजवळ, कोयनेचं पाणी ओसरलेल्या भागातून चालताना मित्राचा पाय गुडघ्याच्या वरपर्यंत गाळात गेला. आम्ही तिघांनी काखेत हात घालून ओढला. निघाला, पण बूट आतच राहिला आणि गुडघा सुजला. अशा वेळी नेमकं काय करायचं? माणूस पुरता आत जाऊ शकतो का? (वाचक, सातारा)

उत्तर : शेवटचं आधी. उभा माणूस डोक्यासकट गडप होतो, ते सिनेमात. पाणी मुरलेली वाळू पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड असते, माणसाचं अंग साधारण पाण्याइतकंच. त्यामुळे कमरेच्या आसपास गेल्यावर माणूस तरंगू लागतो. पातळ गाळ तेवढा जड नसतो, त्यात याहून खोल जाता येतं. पाठीवर भरलेली सॅक असेल तर आणखी. तरी जीव जातो तो बहुधा दुसऱ्याच कारणांनी : तोंडावर पडल्यामुळे, उन्हात तासन्‌तास अडकल्यामुळे किंवा पाणी चढल्यामुळे.

पाय पडला की हादऱ्याने वाळू पातळ होते आणि पाय आत जातो. मग वाळूचे कण खाली बसतात, पाणी वर निघून जातं आणि पायाभोवती घट्ट थर आवळला जातो. सरळ वर ओढलं तर पायाखाली पोकळी होऊ पाहते, तिथे पाणी पोचत नाही, म्हणून खालून ओढ बसते. २००५ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी हिशेब मांडला : सेकंदाला एक सेंटिमीटर वेगाने पाय काढायचा तर मध्यम आकाराची मोटार उचलण्याइतका जोर लागतो. तिघांच्या ओढण्याने गुडघा सुजण्यावर भागलं, हे नशीबच.

रुतलात की जागीच थांबा. सावरायला म्हणून पुढे पाऊल टाकतात आणि दुसराही पाय घालवतात. सॅक काढून पाठीमागे ठेवा, तिच्यावर रेला, हात पसरा. काठी असेल तर कमरेखाली आडवी घाला. बुटाच्या नाडीपर्यंत हात पोचला तर ती सोडा. बुटाचा मोह नको. आता एकच पाय घ्या. तो पुढे-मागे आणि थोडा गोल, बोटभर हलवा. फट पडते, तीत पाणी उतरतं, वाळू सैल होते. सुटेल तेवढाच पाय वर घ्या, दम खा, पुन्हा हलवा. याला पाच मिनिटं लागतील, अर्धा तासही लागेल. पाय सुटला की उभं राहू नका; आलात त्याच बाजूला लोळत किंवा पोटावर सरकत या.

सोबत्यांनी जवळ धावू नये. ताडपत्री, फळी, फांद्या, उसाच्या पट्ट्यात पाचटाच्या पेंढ्या, जे मिळेल ते अंथरून त्यावर पालथं पडावं, हाताने पायालगतचा गाळ उकरावा आणि बाटलीतलं पाणी फटीत ओतत राहावं. दोर काखेखालून बांधावा, पण आधारापुरता.

धरणाच्या खालच्या अंगाला असाल तर घड्याळ बघा. कोयनेच्या पायथा वीजगृहाचं एक युनिट सुरू झालं की नदीत १०५० क्युसेक पाणी येतं, दोन्ही चालली तर २१०० क्युसेक. सिंचनासाठी हे भर उन्हाळ्यातही सोडतात, त्यामुळे आभाळ निरभ्र आहे म्हणून निर्धास्त राहू नये. दोन्ही पाय अडकले असतील तर ११२ ला फोन आधी, प्रयत्न नंतर.

प्रश्न : अशी जागा ओळखायची कशी? (वाचक, तासगाव)

उत्तर : भेगाळलेली जमीन बघून फसू नका, वर पापुद्रा वाळलेला आणि खाली लोण्यासारखा गाळ, असं सर्रास असतं. ओढा जलाशयाला मिळतो ते तोंड सर्वांत वाईट, कारण ताजा गाळ तिथेच साठतो. येरळा, अग्रणी, माण या नद्यांत वाळूउपशाचे जुने खड्डे सैल वाळू-गाळाने भरलेले असतात, वरून सपाट दिसतात. पाऊल टाकल्यावर आजूबाजूची वाळू थरथरली किंवा पाणी वर झिरपलं, तर आल्या पावलांवर मागे फिरा. पाच-सहा फुटी काठी पुढे टोचत चला. एका हाताच्या जोराने वीतभराहून जास्त गेली तर वाट बदला. बगळ्याच्या पावलांचा भरवसा नको, त्याचं वजन ते काय!

प्रश्न : पाझर तलावात म्हैस रुतली तर जेसीबीने ओढावी का? (शेतकरी, खटाव)

उत्तर : मान, शिंगं किंवा पायाला दोर बांधून तर मुळीच नाही; सांधा निखळतो. पुढच्या पायांमागून, छातीखालून रुंद पट्टा घ्या आणि आधी पाय सैल करा. द्राक्षबागेच्या फवारणीचा एचटीपी पंप इथे उपयोगी पडतो : गन काढून नुसती नळी पायालगत खाली सारायची आणि कमी दाबाने पाणी सोडायचं. टाकीत औषधाचा अंश नको, हे बघाच. मग हळू आणि आडव्या दिशेने ओढा. बाहेर आल्यावर लगेच उभी करू नका, पाय बधिर असतात. कुशीवरही पडू देऊ नका, पोट फुगतं; दोन्ही बाजूंना गवताच्या पेंढ्या लावून छातीवर बसती ठेवा आणि डॉक्टर येईपर्यंत अंगावरचा गाळ धुऊन काढा.