जुने फोटो, नवं स्क्रॅपबुक

प्रश्न: ताई, आईबाबांच्या लग्नाचे १९८५ चे रंगीत फोटो लालसर पडलेत, त्यांचं डिजिटल स्क्रॅपबुक करायचंय, एडिटिंग कुठून शिकू? फोटोशॉप परवडत नाही.

उत्तर: अगं फोटोशॉप लागतंच कुठे, गिंप हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि फोटोपी तर ब्राउझरमध्येच चालतं. आधी स्कॅन नीट कर, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो नको, तो आधीच दाबून बारीक झालेला असतो. ४ बाय ६ इंची फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केलास की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, आणि १२ बाय १२ इंची पान ३०० डीपीआयला ३६०० बाय ३६०० होतं, म्हणजे फोटो मोठा लावला तरी धूसर होत नाही. लालसरपणासाठी लेव्हल्स हे उजेड-रंग सुधारायचं साधन उघड, लाल, हिरवा, निळा असे तिन्ही चॅनल (रंगांचे थर) वेगवेगळे घे आणि दोन्ही टोकांचे स्लायडर तिथे दिसणारा आलेख जिथे सुरू होतो नि संपतो तिथवर आत ओढ, निम्मं काम तिथेच होतं (ऑटो बटण मला आवडत नाही, शालू भलत्याच रंगाचा करून ठेवतं). हे सगळं डुप्लिकेट लेयरवर, म्हणजे फोटोच्या वरच्या थरातल्या कॉपीवर हं! मग क्लिपिंग मास्क शिक, फोटो न कापता हव्या त्या आकारात बसतो. आणि पानावर लावलेल्या फोटोंच्या सावल्या सगळ्या एकाच दिशेला पाड, नाहीतर पान खोटं दिसतं.