हिब्रू 'देरेख' म्हणजे रस्ता की प्रवास?

प्रश्न असा होता की हिब्रू बायबलमधला 'देरेख' नेमका काय, रस्ता की प्रवास, कारण डिक्शनरीत दोन्ही दिलंय. दोन्ही बरोबर आहे, आणि धातू बघितला की गोंधळ राहत नाही. धातू आहे द-र-क, अर्थ पाय देणं, तुडवणं (शेवटचा क स्वरानंतर आला की घशातून ख़ सारखा निघतो म्हणून 'देरेख'). द्राक्षं कुंडात टाकून पायांनी तुडवतात त्यालाही हेच क्रियापद, आणि धनुष्य पाय रोवून वाकवतात त्यालाही. आपल्याकडे 'मळलेली वाट' म्हणतात ना, आणि मळणीत बैल कणसं तुडवतात तेही मळणंच, अगदी तसंच आहे हे. म्हणजे आधी पाय, मग वाट, आणि त्या वाटेवरचं चालणंही त्याच शब्दात आलं.

सगळ्यात छान उदाहरण पहिल्या राजांच्या पुस्तकात, १९व्या अध्यायात. एलिया नावाचा संदेष्टा जिवाच्या भीतीने पळतो आणि वाळवंटात 'देरेख योम' जातो, म्हणजे एक दिवसाची मजल, इथे देरेख हे अंतर झालं. मग झुडपाखाली झोपलेला असताना देवदूत त्याला उठवून सांगतो की खाऊन घे, 'देरेख' तुला झेपायचा नाही, इथे सरळ सरळ प्रवास. आणि पुढे १५व्या ओवीत देव म्हणतो आपल्या 'देरेख'ने माघारी जा, दमास्कसच्या रानाकडे, तर इथे वाट. एकाच अध्यायात तिन्ही छटा, आणि वाचणाऱ्याला कुठेच अडखळायला होत नाही कारण शेजारचा शब्दच अर्थ ठरवतो. दिवसांचा आकडा जोडलेला असला की अंतर समजायचं, गावाचं किंवा देशाचं नाव असलं की बहुतेक वेळा तिकडे जाणारा रस्ता.

निव्वळ रस्ता हवा असेल तर बायबलमधल्या 'गणना' या पुस्तकाच्या २०व्या अध्यायातला 'देरेख हमेलेख' बघा, राजमार्ग. इस्राएली लोकांना घेऊन निघालेला मोशे वाटेतल्या अदोम देशाच्या राजाला निरोप धाडतो की आम्ही शेतात शिरणार नाही, द्राक्षमळ्यात शिरणार नाही, विहिरीचं पाणी पिणार नाही, फक्त राजमार्गाने सरळ जाऊ, डावीउजवीकडे वळणार नाही. तरी त्याने जाऊ दिलं नाहीच.

याच्या पलीकडे रीत, वागणूक हा अर्थ, आणि तो मराठी माणसाला लगेच पटेल कारण आपल्या 'वहिवाट'मध्येही वाट बसलेलीच आहे. 'उत्पत्ती'च्या पुस्तकातली राहेल बापाच्या मूर्ती उंटाच्या खोगिरात लपवून त्यावर बसते आणि म्हणते मला उठता येत नाही, 'देरेख नाशीम' आहे, शब्दशः बायकांची रीत, म्हणजे पाळी. आणि मरायला टेकलेला दावीद राजा मुलाला, शलमोनाला, सांगतो की मी सगळ्या पृथ्वीच्या देरेखने चाललोय, म्हणजे सगळे जातात तिथे.

कोणीतरी लिंगही विचारलं होतं. हिब्रूत हा शब्द स्त्रीलिंगी आणि पुल्लिंगी दोन्ही चालतो आणि ज्यू धर्मपंडितांच्या चर्चांचा ग्रंथ ताल्मुद, त्याच्या किद्दुशीन भागात यावर खरंच चर्चा आहे: 'निर्गम' या पुस्तकात १८:२० मध्ये विषय तोराचा, म्हणजे देवाच्या नियमशास्त्राचा, तोरा स्त्रीलिंगी म्हणून देरेखही स्त्रीलिंगी, आणि 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात २८:७ मध्ये शत्रू एका वाटेने येऊन सात वाटांनी पळतात, तिथे विषय लढाईचा, लढणं पुरुषांचं काम म्हणून पुल्लिंगी.