आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी एक आलेख बघा

भाऊ, तुमचं म्हणणं असं: व्हिडिओ एडिटिंगचं मशीन आय५ दहावी जनरेशन, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड; नव्या कॅमेऱ्याचं ४के फुटेज टाइमलाइनवर अडकतं, सॉफ्टवेअर जड झालंय, आणि धुळ्याचा दुकानदार आरटीएक्स ४०६० टाका म्हणतोय. थांबा जरा. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी व्हायचा.

सॉफ्टवेअर फुगलंय, खोटं नाही. जुन्या एचडीव्ही कॅमेऱ्यांच्या टेपवरची अख्खी लग्नं मी ४ जीबीच्या मशीनवर कापलीत. आता प्रोजेक्ट उघडायच्या आधीच तेवढी रॅम गिळली जाते. पण ती फ्रेम १४४० बाय १०८० होती, म्हणजे साडेपंधरा लाख पिक्सेल. ४केत ८३ लाख, तेही एच.२६५ या कॉम्प्रेशनमध्ये दाबून बसवलेले.

क्लिप चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा, जीपीयूमधला (म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा) ‘व्हिडिओ डिकोड’ आलेख बघा; दाबलेला व्हिडिओ कार्ड उलगडतंय का ते तो दाखवतो. सीपीयू १०० टक्क्यांवर अन् हा आलेख तळाला झोपलेला असेल, तर फुटेज बहुधा १०-बिट ४:२:२ आहे, म्हणजे रंगाची जास्त माहिती साठवणारं. तुमचं कार्ड ते उलगडत नाही. ४०६०सुद्धा नाही! एनव्हीडियाने ती सोय ५०च्या मालिकेत, २०२५मध्ये दिली. इंटेलच्या अकराव्या जनरेशनपासून मात्र एच.२६५पुरती ती प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्येच आहे. घ्यायचंच तर तसा प्रोसेसर घ्या, फक्त नंबरामागे ‘एफ’ नको; त्यात ग्राफिक्सच नसतं. कार्ड बदलून तीच अडखळ पुन्हा बघायचा शहाणपणा मी करून बसलोय, म्हणून सांगतो.

आणि फुकटात? कॅमेऱ्यात ४:२:० निवडा, त्यात रंगाची माहिती कमी असते. हळदीच्या शूटिंगला कुठे हिरवा पडदा कापायचाय? शूट झालेल्या फुटेजच्या ७२०च्या प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या नकला, रात्री बनवायला लावून झोपा. एक्सपोर्टला मूळ फाइलच वापरली जाते, क्वालिटी जात नाही. रॅम तेवढी १६ करा, आणि लग्नसराईत सॉफ्टवेअरच्या अपडेटला हात लावू नका.

हो, मशीन कधी उघडलंय? माझा स्टुडिओ जिनिंगच्या मागे. मागच्या मे महिन्यात प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकमधून कापसाचा बोटभर लोळा निघाला. आपल्याकडे पारा ४५ला टेकतो तेव्हा तापलेला प्रोसेसर आपोआप वेग उतरवतो, अन् शिव्या सॉफ्टवेअरला बसतात.

मीडियाइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप टाकून ‘क्रोमा सबसॅम्पलिंग’ची ओळ इथे लिहा. ४:२:० निघालं तर दुखणं वेगळं. मग हार्ड डिस्क कोणती आहे तेही सांगा.